मशीन ठेवून जाऊ नका, सोबत बसा

मागच्या मे महिन्यात एका दुपारी दार उघडलं तर पायरीवर शिलाई मशीनचं नुसतं हेड ठेवलेलं. जुन्या टॉवेलात गुंडाळून, वर वहीच्या पानाची चिठ्ठी, "अक्का चालत नाही बघा, सहाला येते." नाव नाही, नंबर नाही, काय बिघडलंय ते पण नाही. म्हणजे सहापर्यंत मी ती दुरुस्त करून ठेवायची आणि कोण येतंय त्याची वाट पण मीच बघायची. मला राग चिठ्ठीचा नाही आला. राग ह्याचा आला की गॅसवर चहा उकळतोय हे विसरून मी तिथंच पायरीवर फतकल मारून बसले आणि चाक फिरवून बघायला लागले.

चहा उतू गेला. मशीनला काही झालं नव्हतं, बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळ, भरताना चाकाची मधली चकरी सैल करतात ती परत घट्ट करायची राहिली होती, एवढंच. चाक फिरतं पण सुई हलत नाही ते ह्याच्यामुळं. अर्ध्या मिनिटाचं काम आणि तिने त्यासाठी ते दहा-बारा किलोचं लोखंड उन्हातून दोन गल्ल्या उचलून आणलं होतं. सहाला कोणी आलं नाही. रात्री पावणेनऊला आली, कडेवर पोर, "झालं का ओ?" म्हणाली आणि घेऊन गेली.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, घरीच पिको-फॉल आणि ब्लाऊज, वीसेक वर्षं झाली. आमच्याकडं एक घर सोडून दुसऱ्या घरात मशीन असते. आधी चादरी, टॉवेल आणि विड्यांचं गाव, आता त्याच्या जोडीला गणवेशाचं पण झालंय, इथं शिवलेले शाळेचे ड्रेस लांबलांबच्या राज्यांत जातात. कारखान्यात कापून आलेला माल घरी आणायचा, कॉलर नाहीतर खिसा नाहीतर नुसती बटणपट्टी शिवायची, नगावर पैसे. जूनमध्ये शाळा सुरू होतात म्हणून एप्रिल-मे म्हणजे आमच्या गल्लीची दिवाळी आणि परीक्षा एकदमच. त्यात मशीन बंद पडली तर त्या दिवसाचे पैसे गेले. हे मला माहितीये म्हणून नाही म्हणायला जीभ उचलत नाही, सगळी भानगड तिथनंच सुरू होते.

दुरुस्ती मी कुठं शिकले नाही. वडील मिलमध्ये जॉबर होते, माग बंद पडला की चालू करणारा माणूस. घरात पाना-पक्कड कायम. त्यांची एक गोष्ट ठरलेली होती, की गांधीजी यंत्रांच्या विरोधात बोलायचे पण शिलाई मशीनला त्यांनी अपवाद केला, कारण सिंगर साहेबांनी बायकोचे शिवायचे कष्ट बघून प्रेमापोटी मशीन काढली. तेव्हा मशीनवाल्या बाईकडनं दुरुस्तीचे पैसे घेऊ नये असं वडिलांचं तात्पर्य. मी हे माझ्या लेकीला सांगितलं तर तिने दोन मिनिटांत मोबाईलवर शोधून दाखवलं. गांधीजी 1924 साली तसं बोलले होते हे खरं, पण हा सिंगर म्हणजे 1851 चं पेटंट, मग इतरांशी पेटंटवरनं कोर्टकज्जे, हप्त्यावर मशिनी विकायची टूम त्याच्याच कंपनीची, आणि घरचं म्हणाल तर पाच बायकांकडनं मिळून दोन डझन मुलं. बायकोच्या कष्टाची गोष्ट राहू द्या म्हणाली. वडील हयात नाहीत नाहीतर त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे. ते बहुतेक म्हणाले असते, मग हप्ता तरी घ्यायचा होतास.

फुकट काम खरं वाढलं ते 2020 च्या लॉकडाऊनला. मार्च संपताना सगळं बंद, मशीनची दुकानं बंद, मिस्त्री घरात, आणि बचत गटाच्या बायकांना मास्क शिवायचं काम मिळालेलं. दहा-दहा वर्षं कॉटखाली पडलेल्या मशिनी बाहेर निघाल्या आणि एकही धड चालेना. तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर बघून सांगायचे. फोन सुईजवळ धरा, आता खालचं झाकण सरकवा, आता बॉबिन काढून दाखवा. पंधरा दिवसांत कळलं की दहातल्या सात मशिनींना काही झालेलंच नसतं.

म्हणजे बघा, कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता झाला की बाई बॉबिन काढून बसते, पाच वेळा काढते, पाच वेळा घालते. गुंता खाली दिसतो पण चूक वरच्या दोऱ्याची असते. दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये दोरा नीट बसलेला नसतो नाहीतर वरखाली होणाऱ्या दांडीच्या भोकातनं निसटलेला असतो. आणि दोरा ओवताना फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबणारा पाय, वर उचलायचा असतो, फूट खाली असला की त्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा आत जातच नाही. टाके सुटतात ती निम्म्या वेळा सुई. सुई बोथट, नाहीतर चपटी बाजू भलतीकडं, नाहीतर 14 नंबरच्या सुईवर जीन्सचा चार पदरी काठ शिवायला घेतलेला. त्याला 16 लागते, जाड असलं तर 18.

आणि खोबरेल तेल! मशीन जड चालते म्हणून घरातलं खोबरेल सोडतात, दोन दिवस पळते आणि महिन्याभरात आत असा चिकट राप बसतो की चाक दोन हातांनी फिरत नाही. थंडीत तर तेलच थिजतं. मग रॉकेल सोडायचं, चाक फिरवत बसायचं, काळं पाणी गळतं ते पुसायचं, परत रॉकेल, आणि शेवटी मशीनचं पातळ तेल. सगळं मिळून दोन तास. रेशनचं रॉकेल बंद झाल्यापासून तेवढं थोडंसं पण शोधत हिंडावं लागतं.

तर मास्क संपले, लॉकडाऊन उठला, दुकानं उघडली, आणि मी मात्र चालूच. कुणी सांगितलंच नाही ना की आता बंद. मी पण नाही. पुढं विश्वकर्मा योजना आली 2023 च्या सप्टेंबरमध्ये, अठरा धंद्यांत दर्जी पण, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंतचं व्हाउचर, ओळखीतल्या दोन-चार जणींकडं नव्या मशिनी आल्या. चांगलंच झालं. पण नवीन मशीन, नवीन बाई, आणि अक्काचा नंबर सगळ्यांकडं.

माझं स्वतःचं काम मागं पडायला लागलं ते मला आधी कळलंच नाही. कुणी आलं की मी उठायचे. ब्लाऊज तसाच, सुई अर्ध्या बाहीत. एका मुलीच्या लग्नाचे सहा ब्लाऊज होते, हळदीचा सकाळी द्यायचा होता आणि मी रात्री साडेअकरापर्यंत दुसरीच्या मशीनचं शटल, म्हणजे बॉबिनभोवतीचा फिरता भाग, घासत होते. सकाळी ब्लाऊज दिला, हुक न लावता दिला, मुलीच्या आईने काही बोलून दाखवलं नाही, फक्त पुढचे चार ब्लाऊज नेले दुसरीकडं. चार ब्लाऊजची शिलाई गेली, ओळखीची माणसं गेली. आणि जिचं शटल घासलं तिला हे माहीत पण नाही, तिने दुसऱ्या दिवशी मला दारात बघून हात केला नुसता.

ह्यांनी एवढंच विचारलं, "तू दुकान काढलंय का देऊळ?" मी चिडले होते. नंतर वाटलं देवळात निदान पेटी असते.

तरी पैशाचं मला तेवढं नव्हतं खरंच, पण तीन गोष्टी लागोपाठ घडल्या.

पहिली मोटरची. पायडलच्या मशीनला छोटी मोटर बसवून घेतात, पायाखाली स्विच. एकीची मशीन अडकत होती, मी शटल उघडून दोऱ्याचे तुकडे काढून दिले, छान चालायला लागली. पंधरा दिवसांनी परत दोरा अडकला, तिने मला विचारलं नाही, पाय दाबून धरला. मशीन अडकलेली असताना मोटरला जोर लावत राहिलं की ती तापते आणि जळते, दुसरं काही होतच नाही. वास आला, धूर आला. ही बया गल्लीत सांगत फिरली, "अक्कांनी हात लावल्यापासून बिघडली." हात लावल्यापासून! दुरुस्तीवाल्या कुणालाही विचारा, हे दोन शब्द ऐकले नाहीत असा एक जण सापडायचा नाही. पैसे घेणारा निदान म्हणू शकतो की बाई पावती दाखव, काय काम केलं ते लिहिलंय. फुकट करणाऱ्याकडं पावती नसते आणि फुकट केलेल्या कामाची गॅरंटी मात्र जन्माची असते.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. एक बाई दर आठ-दहा दिवसांनी यायची, कधी पट्टा तुटला, कधी टाके सुटतात, कधी तेल. मोठी मशीन, आम्ही सगळ्यांनाच जुकी म्हणतो कुठल्या का कंपनीची असेना, ती. मी म्हणलं एवढं कसं काय बिघडतंय, घरी जाऊन बघितलं तर मशीन तिची नव्हतीच. शेठने दिलेली. कारखान्यात जागा नाही म्हणून दोन मशिनी हिच्या घरी टाकलेल्या, लाईट बिल हिचं, जागा हिची, आणि बिघडली तर "तुमच्याकडं ती अक्का आहे ना, तिला दाखवा." म्हणजे शेठला माझा पत्ता माहीत होता! दीड वर्ष मी एका कारखानदाराच्या मशिनी फुकट सांभाळत होते आणि मला वाटत होतं मी गरीब बाईला मदत करतेय. आता ती बाई खोटं नव्हती बोलली. मी विचारलंच नव्हतं. मदत करताना मशीन कुणाची हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

तिसरी गोष्ट चाचांची. बाजारात एक जुने मिस्त्री आहेत, चाळीस वर्षं मशिनीच करतात, मी सुया, पट्टे, बॉबिन त्यांच्याकडनंच आणते, त्यांचा बहुतेक माल लुधियानाचा. एकदा माझ्या स्वतःच्या मशीनचा टायमिंग गेला होता. सुई जाड शिवणीवर आपटली की सुईची दांडी जागेवरनं सरकते, मग शटलचं टोक दोऱ्याचा फास पकडत नाही, टाकाच पडत नाही. ते बसवणं माझ्या हातचं काम नाही. चाचांनी स्क्रू सैल केला, चाक हळू फिरवलं, सुई पार खाली जाऊन दोन मिलिमीटर वर आली तिथं थांबले, शटलचं टोक सुईच्या नेढ्याच्या जरासं वर आलं, स्क्रू आवळला. बस. पट्टी नाही, माप नाही, नुसती नजर. मी पैसे द्यायला गेले तर घेतले नाहीत. म्हणाले, "तुमसे क्या लेना ताई, तुम्ही पण आमच्याच धंद्यातल्या." आणि मग हसत हसतच म्हणाले की आजकाल बायका येतात आणि म्हणतात ती अक्का फुकट करते, तुम्ही तीनशे कसले घेता.

हसत म्हणाले हो, तरी मी बसमध्ये तिकीट काढायचं विसरले एवढी डोक्यात गडबड झाली. कारण मी सोपी कामं सगळी फुकट करून टाकत होते आणि चाचांकडं जात होती ती किचकट, दोन-दोन तासांची. सोप्या कामाच्या पैशांवरच दुकान चालतं. दहा मिनिटांच्या कामाचे शंभर रुपये मिळतात म्हणून तर दोन तासांच्या कामाचे तीनशे परवडतात. मी त्यांचं सोपं काम काढून घेतलं होतं, आणि वर मीच चांगली म्हणवून घेत होते.

त्या रात्री बसून ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, पिकोच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, आणि पहिले दोन महिने ते पान माझ्याशिवाय कुणी वाचलं नाही.

आता कसं करते सांगते. मशीन ठेवून जायची नाही, सोबत बसायचं. स्क्रू ड्रायव्हर तुमच्या हातात, मी शेजारी. सुई, दोरा, बॉबिन, टेन्शन, तेल, चाकाची चकरी, एवढं शिकवणं फुकट आणि कितीही वेळा फुकट, पण हात तुमचे. हे मी काही नवीन काढलं नाही, लेकीने नंतर दाखवलं की ॲमस्टरडॅममध्ये एका बाईने 2009 साली रिपेअर कॅफे म्हणून सुरू केलं आणि तिथं पण वस्तू टाकून जायची नसते, मालकाने जवळ बसायचं असतं. बंगळुरात पण 2015 पासून तसं भरतं. मला बरं वाटलं वाचून. पण आमच्या इथं कॅफे वगैरे म्हणलं तर लोक आधी चहा कुठाय विचारतील. आणि देईन मी, चहाचा काही प्रश्न नाही.

खोलून सफाई असेल तर दीडशे रुपये, आधी सांगून. शेठची मशीन असेल तर शेठने मिस्त्री पाठवायचा, मी हात लावत नाही, सुई बदलायची असेल तरी फक्त लांब खाच डावीकडं ठेवा एवढं तोंडानं सांगते. मोटर आणि टायमिंग चाचांकडं. आणि दुपारी एक ते चार कुणासाठी उठत नाही, ते माझे ब्लाऊजचे तास.

लिहायला सोपं आहे. पहिल्यांदा "दीडशे होतील" म्हणले तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला, घसा खाकरून परत म्हणले. समोरची बाई म्हणाली, "अक्का तुम्ही बदलला." मी काय बोलणार. एक तर सरळ म्हणाली, "घरीच तर असता की." घरीच असते, हो. घरीच असते म्हणून तर घर चालतं. तिला हे बोलले नाही, आत्ता इथं लिहिताना सुचतंय. दोघी-तिघी यायच्या बंद झाल्या, रस्त्यात दिसल्या की पिशवी ह्या हातातनं त्या हातात घेतात आणि दुकानाकडं बघत जातात. पहिले काही दिवस जेवण गोड लागलं नाही, खरं सांगते.

पण सोबत बसायचं म्हणल्यावर एक झालं. निम्म्या जणींना वेळच नसतो. म्हणजे माझा वेळ होता तोपर्यंत काम तातडीचं होतं, स्वतःचा अर्धा तास द्यायचा म्हणल्यावर "बघते, उद्या येते." आणि उद्या येतच नाहीत, कारण घरी जाऊन सुई बदलून बघतात आणि चालते. ज्या बसतात त्या मात्र शिकतात. एक पोरगी आहे, बारावी झालेली, आईच्या मशीनसाठी आली होती, पहिल्या दिवशी स्क्रू उलटा फिरवत होती. आता तिच्या गल्लीतलं सगळं तीच बघते. मागच्या आठवड्यात ती मला म्हणाली, "अक्का लोक फुकटच मागतात ओ." मी म्हणलं बस खाली, आणि वहीचं मागचं पान काढून दिलं. तिने मोबाईलमध्ये फोटो काढून घेतला. दीडशेचे दोनशे करू का म्हणाली! कर म्हणलं, पण चाचांचं काम काढून घेऊ नकोस.

चिठ्ठीवाली परत आली होती, ह्या वेळी मशीन न घेता. पोराला दारात बसवलं आणि म्हणाली खाली गुंता होतोय, काय करू. मी म्हणलं फूट वर करून परत दोरा ओव. गेली, आणि तिकडनं फोन, "झालं!" नंबर सेव्ह केलाय आता तिचा, नावासकट.

अपवाद आहेत. समोरच्या वाड्यातल्या आजींची मशीन मी करते, पैसे घेत नाही आणि सोबत बसायला पण सांगत नाही, त्यांचं वय पंचाहत्तरच्या पुढं, गुडघे वाकत नाहीत, अजून गोधड्या शिवतात. दर संक्रांतीला एक शेंगापोळी येते. कुणी म्हणेल मग नियम कसला. नियम माझा आहे, मोडायचा कधी ते पण मीच ठरवणार ना. आधी ते दुसऱ्या ठरवायच्या.

आणि एक जागा अजून सुटत नाही. नणंद. दिवाळीत आल्या तेव्हा गाडीतनं मशीन उतरवली, "वहिनी, जरा बघून ठेवा, पुढच्या वेळी नेते," आणि फराळाला बसल्या. शेजारी बसा म्हणायची माझी काय टाप आहे. उघडून बघितली, आत खोबरेल तेल, चार वर्षांचं तरी असेल, चाक हलत नाही. दोन तासांचं काम आहे आणि रॉकेल आणायला हवंय. मशीन कॉटखाली आहे. हे म्हणतात कर की एकदाची, घरचीच आहे. काल संध्याकाळी वन्संचा फोन येऊन गेला, मी पिको करत होते, आवाजात ऐकू आला नाही असं सांगणार आहे.